टाकीतले दोघे

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

परवा पालघरच्या सेंटरमधून फोन आला. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचे दोन एम्ब्रियो आमच्याकडे फ्रीझ केलेले आहेत. पुढचं काय ठरवलंय?" मी कोळगावला सरकारी ऑफिसात होते. समोर पेन्शनचं काम घेऊन आलेले एक आजोबा बसलेले. मी म्हटलं, "कळवते." गॅसचं सिलेंडर कधी पाठवू असं कुणी विचारावं, तसं उत्तर दिलं.

आणि मग दिवसभरात तीन फायलींवर चुकीची तारीख टाकली.

कुणाशी तरी बोलायला हवंय, म्हणून ही वही काढली. बोईसरजवळच्या सालवडच्या या बिल्डिंगमध्ये सगळे आमच्यासारखेच, कुठून कुठून कंपन्यांसाठी आलेले. चोपड्याला असते तर आईकडे गेले असते. पण आईला सांगितलं की ती रडते, आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागते.

जानेवारीत आमचे तीन गर्भ तयार झाले होते. एक माझ्या पोटात सोडला, दोन गोठवून टाकीत ठेवले. सोडलेला रुजला. पण गर्भपिशवीत नाही, नळीत. मार्चमध्ये नळी फुटली. त्या दिवसाचं मला फार आठवत नाही. दुपारची वेळ होती, मी स्वयंपाकघरात होते, पोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं. त्यानंतरचं आठवतं ते एकदम विरारच्या पुढच्या कुठल्याशा हॉस्पिटलचं छत, आणि खुर्चीत बसलेला भाग्येश. एक नळी काढून टाकली होती. पुष्कळ रक्त चढवलं म्हणे. भाग्येश त्यावर कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही.

आता दोघे उरलेत. मी छत्तीसची आहे. परत तसंच झालं तर, ही एक भीती. परत काहीच झालं नाही तर, ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी कशा वाटतात कोण जाणे.

संध्याकाळी भाग्येशला सांगितलं. तो शूज काढत होता. म्हणाला, "बघू. आधी प्लांटचा शटडाऊन होऊ दे." आणि बराच वेळ दुसऱ्या बुटाची नाडी सोडत बसला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सासूबाईंचा चोपड्याहून फोन. त्यांना सगळं ठाऊक आहे, आणि त्या टोमणे मारणाऱ्यातल्या नाहीत. पण आज म्हणाल्या, "अगं, दोन्ही एकदमच सोडायला सांग ना. जुळं झालं तर एका बाळंतपणात काम झालं. परत परत कशाला तो त्रास?"

मला पटलं. खरं तर माझ्याही मनात तेच होतं. दोघांना एकदम घ्यायचं, म्हणजे मागे कुणी उरणार नाही. एकाला तिथे टाकीत एकटं ठेवायची कल्पनाच मला सहन होत नाही. हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. ते माणसं नाहीत, डोळ्याला दिसतही नाहीत. तरी मी मनात त्यांना 'दोघे' म्हणते.

भाग्येशचं काय चाललंय कळत नाही. हल्ली फोन आला की गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. "कोणाचा?" विचारलं तर म्हणे कंपनीचा. कंपनीचे फोन तो इतकी वर्षं जेवता जेवता घ्यायचा.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज त्याची सुट्टी. सकाळी पालघरला जाऊन येतो म्हणाला, काम आहे. काय काम ते नाही. दुपारी आला, शर्टाच्या बाह्या खाली केलेल्या. भाग्येश घरात कधी बाह्या खाली ठेवत नाही. हात धुताना त्याने त्या वर केल्या, तर कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला.

"हे काय?"

"मेडिकल होतं कंपनीचं."

"रविवारी?"

"हो. रविवारीच ठेवलं त्यांनी." टॉवेल घेऊन आत गेला.

तो ज्या प्लांटमध्ये आहे तिथे रंगासाठीची रसायनं बनतात. घरी आला की त्याच्या कपड्यांना तो आंबट, जळका वास असतो, मी ते वेगळे धुते. गेल्या वर्षी त्यांच्या शेजारच्या युनिटमधल्या एका माणसाचं लिव्हर गेलं. भाग्येशला काही झालंय का? तो लपवतोय का? म्हणून बाळाचं पुढे ढकलतोय का? की त्याचेच रिपोर्ट वाईट आलेत?

विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि त्याने 'हो' म्हटलं तर?

खालच्या मजल्यावरचा अंकुश जिन्यात भेटला. तो इथलाच, वाणगावकडचा, भाग्येशच्याच शिफ्टला असतो. एरवी मान हलवून जाणारा माणूस आज थांबून म्हणाला, "वैनी, तब्येत बरी हाय ना? जपा." म्हणजे भाग्येशने प्लांटमध्ये सांगितलंय आमचं. मला इतकी लाज वाटली की उत्तर न देताच वर आले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सेंटरला जाऊन आलो. डॉक्टरांचं नाव प्रतीक्षा. मागच्या वेळी मला त्याचं हसू यायचं.

मी दोन्ही गर्भ सोडायचं म्हटलं. त्यांनी मान हलवली. "उत्कर्षा, तुमची एक नळी गेली आहे, दुसरीही फार चांगली नाही. गर्भ आपण पिशवीतच सोडतो, पण तो कधी कधी सरकून नळीत जातो. तुमच्या बाबतीत एकदा झालंय, म्हणून ती शक्यता इतरांपेक्षा जास्त. आणि पिशवीत नीट रुजले तरी जुळ्यांचं बाळंतपण तुमच्या शरीराला जड जाईल. माझा सल्ला एकच सोडायचा. निर्णय तुमचा."

"एक सोडला आणि नाही रुजला तर?"

"तर दुसरा आहेच."

भाग्येश पूर्ण वेळ टेबलावरच्या गर्भपिशवीच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत होता. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला. "रक्त लागलं तर कुठून येणार? हिचं बी निगेटिव्ह आहे."

डॉक्टर म्हणाल्या की त्याची व्यवस्था होते, ब्लड बँक आहे.

"मागच्या वेळी ब्लड बँक होतीच की," तो म्हणाला. आवाज इतका कडक की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

रिक्षात मी बाहेर बघत राहिले. बाळ कसं असेल, कधी होईल, किती टक्के आशा आहे, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. नुसतं काय बिघडेल तेवढंच. ज्याला एखादी गोष्ट नको असते तो असेच प्रश्न विचारतो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

भांडण झालं.

मी म्हटलं, डिसेंबरच्या पाळीपासून गोळ्या सुरू करायच्या, डॉक्टरांना होकार कळवते. तो म्हणाला, थांब. मी म्हटलं, किती? दिवाळी झाली, शटडाऊन झाला, आता काय? त्याने पाण्याची बाटली भरायला घेतली. मी म्हटलं, तू एकदा स्पष्ट बोल.

तो बोलला. "मला नकोय."

"काय नकोय?"

"हे. हे सगळं. राहू दे ना त्यांना तिथेच. आपण दोघं आहोत ना."

मी म्हणाले, तुला मूल नको होतं तर आधीच सांगायचं, माझ्या पोटात सुया टोचल्या त्याच्या आधी. तो मग चप्पल घालून खाली गेला. मी गॅलरीतून बघितलं. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीजवळ उभा होता, चहा न घेता.

दहा वर्षांत त्याने मला कधी तुटक उत्तर दिलं नव्हतं. आता वाटतं, माझ्या नकळत तो मार्चमध्येच मला सोडून गेला असेल.

बुधवार, ३ डिसेंबर

मी किती मूर्ख आहे.

ऑफिसातून येताना अंकुश खाली मोटरसायकल पुसत होता. मला बघून म्हणाला, "वैनी, भाग्येशभाऊ फोन उचलत नाय. त्यांना निरोप द्या ना, माझ्या मावसभावाचा जमला. त्याचा पण माझ्यासारखा बी निगेटिव हाय. चार जण झाले आता. कधीपण बोलवा म्हणावं, आम्ही येतो."

मला कळेना. "कशाला येता?"

तो गोंधळला. "रक्ताला, वैनी. तुमचा ते… दवाखान्याचा हाय ना. भाऊ ऑगस्टपासून सगळ्या कंपन्यांत विचारत फिरतायत, बी निगेटिव कोन हाय म्हणून. पालघरच्या रक्तपेढीत ते स्वतः पण देऊन आले. त्यांचा तुम्हाला चालत नाय, तरी दिला. म्हणाले ओळख राहते, वेळेला हाक मारता येते." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तुम्हाला नव्हता काय माहीत?"

मी जिन्यात बसले. तिथेच, पर्स मांडीवर घेऊन.

भाग्येश आला तेव्हा मी काहीच प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "मार्चमध्ये काय झालं ते मला सांग."

त्याने जेवणाचा डबा ओट्यावर ठेवला. मग तसंच, पाठमोऱ्यानेच सांगितलं. तो दुसऱ्या शिफ्टला निघत होता. मी फरशीवर पडले होते. अँब्युलन्स येईना म्हणून खालच्या भाजीवाल्याच्या टेम्पोत घातलं. पहिल्या दवाखान्यात म्हणाले ऑपरेशन करतो, पण या ग्रुपचं रक्त नाही. दुसऱ्या ठिकाणीही तेच. हायवेला टेम्पो पळत होता आणि माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

"तू शुद्धीत होतीस," तो म्हणाला. "सारखी सांगत होतीस, भाग्येश, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, बंद कर. मी म्हणत होतो, केला. तू परत तेच. मग मनोरच्या पुढे तू बोलायची थांबलीस." त्याने डब्याची कडी उघडली आणि परत लावली. "ओठ कागदासारखे झाले होते. मी तुला हाका मारत होतो आणि तो टेम्पोवाला सारखा मागे बघत होता. मला वाटलं, संपलं."

मी उठून त्याच्या पाठीला टेकले. त्याच्या शर्टाला तोच आंबट वास.

"मला मूल नको असं नाही," तो म्हणाला. "पण तू त्या टेम्पोत परत… ते मला जमणार नाही, उत्कर्षा."

त्या दिवशी मी झोपून होते आणि हा जागा होता. मला फक्त छत आठवतं.

शनिवार, ६ डिसेंबर

तीन दिवस बोललो. आधी कधी इतकं बोललो नव्हतो. मी म्हटलं, तुला नको असेल तर नको, मी मनापासून सांगतेय. त्याने विचारलं, "मग ते दोघे तसेच राहतील, चालेल तुला?" मी खोटं बोलू शकले नाही.

ठरलं ते असं. एकच सोडायचा. पाळी चुकल्यापासून मी बोईसरमध्ये राहायचं नाही, पालघरला सेंटरच्या जवळ अंकुशच्या बहिणीची एक खोली रिकामी आहे, तिथे राहायचं, गर्भ कुठे आहे ते दिसेपर्यंत. चौघांना सांगून ठेवायचं. ही अट भाग्येशची.

मला वाटलं होतं की ठरलं की भीती कमी होईल. उलट आता ती दोघांची झाली. तो मला बाथरूमलासुद्धा आतून कडी लावू देत नाही.

शनिवार, २० डिसेंबर

गोळ्यांनी गर्भपिशवीचं अस्तर चांगलं तयार झालंय. पुढच्या शनिवारी ट्रान्सफर, म्हणजे गर्भ पोटात सोडायचा. सेंटरमधला विपुल, जो लॅब सांभाळतो, त्याने सांगितलं की दोघांपैकी जो जास्त चांगला आहे तो काढू. म्हणजे एक जास्त चांगला आणि एक कमी चांगला. मला आजपर्यंत हे माहीत नव्हतं. घरी येईपर्यंत मी त्या कमी चांगल्याचाच विचार करत होते.

रविवार, २८ डिसेंबर

कालचं आज लिहितेय. काल जमलं नसतं.

पहाटे भाग्येशला प्लांटमधून फोन आला. बॉयलरचा व्हॉल्व्ह गळतोय, त्याच्या जागी येणारा रिलिव्हर गावाला गेलेला. तो म्हणाला नाही येणार, रजा आहे. तिकडून काय म्हणाले माहीत नाही, त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. प्रेशर वाढलं तर आत माणसं आहेत. मी म्हटलं जा. "दहापर्यंत सेंटरला पोचतो, नक्की."

माझ्याबरोबर नर्मदाताई आल्या. आमच्या ऑफिसातल्या, सातपाटीच्या, रिटायरमेंटला आलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं, नुसतं 'छोटं काम आहे, सोबत याल का' म्हटलं. वाटेत म्हणाल्या, "छोटा काम आन् ओठ बघ कसे सुकलेत. बोलू नको. मी हाय."

सेंटरमध्ये मला पाणी पीत बसायला सांगितलं, लघवीची पिशवी भरलेली हवी असते. अंगावर तो हिरवा गाऊन. नऊच्या सुमाराला विपुल बाहेर आला. बाहेर आला म्हणूनच मला कळलं. काही चांगलं असतं तर तो आत कामात असता.

"मॅडम, सॉरी. पहिला आपण थॉ केला, म्हणजे गोठलेला मोकळा केला, पण तो टिकला नाही. होतं असं क्वचित."

मी विचारलं, "टिकला नाही म्हणजे?"

"म्हणजे… पेशी जगल्या नाहीत."

डॉक्टर प्रतीक्षा पण आल्या. माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "आता दोन मार्ग आहेत. दुसरा आत्ता काढून बघायचा, किंवा आज थांबायचं आणि पुढे कधीतरी. तुमचं अस्तर आज चांगलं आहे. पण दुसरा थोडा कमी प्रतीचा आहे, तोही टिकेलच अशी खात्री मी देणार नाही. दोन्हीत चूक काही नाही. साधारण अर्ध्या तासात सांगा."

भाग्येशचा फोन लागत नव्हता. प्लांटमध्ये मोबाइल गेटवरच ठेवावा लागतो. गेटच्या लँडलाइनला लावला. सिक्युरिटीवाल्याने उचलला, मी भाग्येशचं नाव सांगितलं.

"मैडम, अंदर फोन अलाऊ नहीं है। आदमी भेजता हूँ। क्या बोलना है साहब को?"

काय सांगू? मी म्हटलं, "उनसे कहिए… एक नहीं रहा। दूसरे का क्या करना है, पूछिए।"

मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे राम। कौन नहीं रहा, मैडम?"

कोण नाही राहिलं? फोन हातात धरून मी रडायला लागले. नर्मदाताईंनी फोन काढून घेतला आणि त्या माणसाला म्हणाल्या, "भैया, साहब को बोलो जल्दी आओ. बस. और कुछ मत बोलो."

मग त्या माझ्याजवळ बसल्या. मी विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?"

"मला नको इचारू. मी कायपण सांगन आन् तू तेच करशील. तुला काय वाटतंय ते बघ."

मला काय वाटत होतं ते खरं लिहिते. मला वाटत होतं, पळून जावं. त्याला तिथेच राहू द्यावं. तो टाकीत आहे तोपर्यंत काहीच संपलेलं नाही. मी ऑफिसला जाईन, भाजी आणीन, आणि पालघरच्या त्या टाकीत माझं कुणीतरी असेल. वर्षभर मी त्या आधारावरच तर उभी होते. तो काढला आणि गेला, तर टाकी रिकामी. मग माझ्याकडे काय?

आणि तेव्हाच कळलं की आज थांबले तर मी त्याला कधीच बाहेर काढणार नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्या नाही. दरवेळी काहीतरी कारण सापडेल.

घड्याळात पाहिलं नाही. भाग्येश आला नव्हता. डॉक्टर दारात आल्या तेव्हा मी म्हटलं, "काढा." आवाज माझा वाटला नाही.

नंतरचा वेळ कसा गेला सांगता येत नाही. लघवी अनावर झालेली, हसू येईल इतकी, आणि मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकत नव्हते. विपुल परत आला नाही. तो येत नाहीये यातच मी जीव धरून बसले होते. मग आतून नर्सने हाक मारली, "मॅडम, या आत."

टिकला होता. एका कडेच्या थोड्या पेशी गेल्यात, पण बाकीचा चांगला उमलतोय, असं म्हणाले. तो सोडला आणि स्क्रीनवर एक पांढरा ठिपका दाखवला. तो गर्भ नाही, त्याच्याबरोबरचा हवेचा बुडबुडा, हेही सांगितलं. तरी मी बघत राहिले.

बाहेर आले तर भाग्येश. निळा बॉयलर सूट, डोक्यावर हेल्मेट तसंच, हातमोजे खिशात कोंबलेले. सिक्युरिटीवाल्याने शेवटी सांगितलंच होतं, 'मैडम रो रही थी, कोई नहीं रहा.' तो अंकुशच्या मोटरसायकलवर बोईसरहून आला होता. मी उभी आहे हे बघून तो भिंतीला टेकला.

मी सांगितलं. एक गेला. दुसरा आत आहे. तुला न विचारता ठरवलं.

त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले. "पहिला कधी गेला?"

"नऊ वाजता."

त्याने मग माझी पर्स घेतली, नर्मदाताईंना वाकून नमस्कार केला. त्या गडबडल्या. "अरे, मला कशाला, मी काय केला?"

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

पॉझिटिव्ह.

रिपोर्ट फोनवर आला. मी भाग्येशला दाखवला. दोघंही हसलो नाही. मागच्या वेळी आम्ही नाचलो होतो, पेढे आणले होते. आता त्याने फक्त विचारलं, "पोटात कुठे दुखतंय का?" आणि संध्याकाळी माझी बॅग भरायला घेतली.

सासूबाईंना सांगितलं नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

रक्तातल्या हॉर्मोनचा आकडा वाढलाय, हवा तसा. डॉक्टर खूश. पण नळीतलाही आधी असाच वाढला होता.

पालघरच्या खोलीत आहोत. एक खाट, एक शेगडी, खिडकीतून सेंटरची पाटी दिसते. भाग्येश इथून बोईसरला शिफ्टला जातो. तो नसतो तेव्हा अंकुशची बहीण जमुना दर थोड्या वेळाने डोकावते. "काय लागला तर आवाज दे हां, मी हितंच." तिला काय सांगून ठेवलंय कोण जाणे, ती चपात्या लाटतानासुद्धा माझ्या तोंडाकडे बघत असते.

सोमवार, १२ जानेवारी

सोनोग्राफी झाली. काही दिसलं नाही.

पिशवीत नाही. नळीतही नाही. "अजून लवकर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी परत बघू. दुखलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली, तर त्याच मिनिटाला यायचं."

म्हणजे तो आहे. रक्तात आहे. पण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

भाग्येशने रजा टाकली.

शुक्रवार, १६ जानेवारी

डावीकडे दुखतंय. की वाटतंय? सकाळपासून मी पोटावर हात ठेवून बसलेय. डावी नळीच उरलीय. भाग्येशला सांगितलं नाही, मग सांगितलं. त्याने एका शब्दाचीही वाट न बघता मला उचलूनच सेंटरला नेलं, जिन्यावरून, मी चालू शकते म्हणत असताना.

तपासलं. रक्तस्राव नाही. दुखणं बहुधा गॅसेसचं. अजूनही नीट दिसत नाही, "पिशवीत काहीतरी आहे असं वाटतंय, पण मी आज ठामपणे सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर चौघे येऊन बसले होते. अंकुश, त्याचा मावसभाऊ, आणि दोघं मी कधी न पाहिलेले, एकाच्या पायात कंपनीचे बूट. भाग्येशने वाटेतच फोन केले होते. 'आज लागत नाही,' म्हटल्यावर ते उठले आणि चहा प्यायला गेले.

मंगळवार, २० जानेवारी

आज टेबलावर पडले आणि डोळे मिटून घेतले. भाग्येश डोक्याशी उभा होता. मी त्याचा हात धरला नाही, तो माझा खांदा धरून होता, फार घट्ट.

नुसतं यंत्र फिरत होतं. मग डॉक्टर म्हणाल्या, "उत्कर्षा, डोळे उघडा."

मी उघडले नाहीत. "आधी सांगा, कुठे आहे."

"पिशवीत आहे. अगदी मधोमध. आणि ते लुकलुकतंय ना, ते बघा तरी."

बघितलं. काळ्या डागात एक करडा दाणा, आणि त्यात काहीतरी उघडझाप करतंय. खूप लहान, खूप भराभर.

भाग्येश वाकला. "कुठे? परत दाखवा." डॉक्टरांनी बोटाने दाखवलं. "ही पिशवीची भिंत का? ही नळी कुठे येते?" त्यांनी तेही दाखवलं. "मग हा इथून सरकणार तर नाही ना?"

"नाही, आता कुठे जाणार?" डॉक्टर हसल्या. तो हसला नाही. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, त्यांनी तिसऱ्यांदा दाखवलं.

मला वाटलं होतं मी रडेन. मला फक्त भूक लागली.

अजून पुष्कळ आहे, हे त्यांनी सांगितलं. तीन महिने होईपर्यंत काही सांगता येत नाही. इंजेक्शनं चालू ठेवायची. त्यातल्या त्यात एक भीती गेली, बाकीच्या रांगेत आहेत.

औषधं घेऊन मी बाहेर आले तर भाग्येश बाकावर बसल्या बसल्या झोपला होता. मान मागे भिंतीला, तोंड उघडं, पाय पसरलेले. लोक त्याचे पाय ओलांडून जात होते. एकदा हाक मारली, उठला नाही. दुपारी सेंटर बंद व्हायची वेळ झाली, नर्सने दिवे घालवले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थोडा वेळ बसू का?" ती म्हणाली, "बसा, मी शटर अर्धंच ओढते."

कापडी पिशवीत जमुनाने दिलेली पोळी-भाजी होती. मी त्याच्या शेजारी बसून ती सगळी खाल्ली. त्याच्या वाटणीचीसुद्धा.